अम्मांचा अखो आणि माझं औषध

दोन्ही क्लाउन मासे पंपाच्या धारेत तोंड घालून, पाण्याच्या अगदी वरच्या थराला लटकल्यासारखे पोहत होते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी शेटजींनी मला फोन करून तातडीने बोलावलं होतं. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी अ‍ॅक्वेरियमची सर्व्हिसिंग करायचो. खाऱ्या पाण्याचे टँक आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मी स्वतःला डॉक्टरच समजायचो.

असं पोहणं हे एका रोगाचं लक्षण. कल्ल्यांना जंतू चिकटतात, श्वास पुरत नाही, मग मासा वाहत्या पाण्याकडे धावतो. अंबरनाथला असाच एक मासा मी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालून वाचवला होता. पाणी जरा दुधाळ दिसत होतं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. मोरचूद मापून घातला आणि दोन दिवसांत बरे होतील, असं ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मेले.

टँक उपसला, तर वाळूखालच्या फिल्टर प्लेटवर कुजलेले तांदूळ. सिंधी लोक झुलेलालला, म्हणजे त्यांच्या पाण्याच्या देवाला, तांदूळ-साखरेचा अखो वाहतात. तो नदीत सोडायचा. शेटजींच्या आईचे, अम्मांचे, गुडघे धरलेले. नदीवर जाणं होईना. देव माशावर बसतो आणि मासे तर घरातच, म्हणून आठवडाभर त्या रोज मूठभर अखो टँकमध्येच सोडत होत्या.

तांदूळ-साखर कुजली की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मासे आजारी नव्हते, गुदमरत होते. अर्धं पाणी बदलून हवा वाढवली असती, तर बहुतेक जगले असते. मी त्यांना वर विष पाजलं. हे मला तिथेच, तांदूळ हातात असतानाच कळलं.

"तो गलती किसकी?" शेटजींनी विचारलं.

मी तळहातावरचे तांदूळ पुढे केले. मोरचुदाचं नाव काढलं नाही.

पलंगावर बसलेल्या अम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. "बेटा, मेरे हाथ से मरे?"

"आपको मालूम नहीं था ना, अम्मा," मी म्हणालो. वर समजूत घातल्याचा आव आणला. त्याची आजही लाज वाटते.

अम्मांनी अखो वाहणंच सोडलं, हे पुढे त्यांच्या सुनेकडून कळलं. तेव्हापासून मी कुठल्याही घरी गेलो की औषधाची बाटली उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारायचो, पाण्यात काय काय टाकलंत? धंद्यापुरतं शहाणपण आलं. अम्मांना खरं सांगायला मात्र मी गेलो नाही. त्यानंतर त्या चार वर्षं होत्या.