सुमनच्या भाकरीचं गणित

माझ्या शरीराला दिवसभर नुसतं पडून राहायला सतराशे त्र्याण्णव कॅलरी लागतात, हे मी दोन हजार सालाच्या आसपास स्वतः शोधून काढलं. आमच्या न्हावऱ्या गावात तोवर कुणाला हे सुचलं नव्हतं, कारण पडून राहायला कुणाला सवड नव्हती.

मी हायस्कूलला गणित शिकवायचो. शिरूरच्या डॉक्टरांनी दहा किलो वजन उतरवा म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात शाळेच्या वाचनालयात एका मासिकात ते सूत्र सापडलं. वजन, उंची, वय घाला, की शरीर स्वस्थ पडून किती जाळतं ते निघतं. मग उठबस आणि कामधंद्याचं वर मिळवायचं. मी लगेच बाजारात जाऊन कांद्याची पोती तोलायच्या काट्यावर उभा राहिलो. चौऱ्याऐंशी किलो! (हमाल म्हणाला, "सर, पोतं धरून न्हाई ना?")

आकडा आल्यावर मी कामाचं मिळवायला बसलो. शाळेपर्यंत स्कूटर. पाच तास उभं राहणं. फळ्यावर लिहिणं, आणि पुसणं वेगळं धरलं. बेरीज अशी फुगली, की जेवणात फारसं काही कमी करायची गरज उरली नाही. सूत्रावर माझी श्रद्धाच बसली.

तिथं थांबलो असतो तर बरं होतं. पण उत्साहाच्या भरात बायकोचंही गणित मांडलं. सुमनचं वजन अठ्ठेचाळीस, उत्तर आलं बाराशे तीस. तिच्या भाकऱ्या मोजल्या तर दिवसाला सहा. मी तिला कागद दाखवून सांगितलं, की तुझ्या शरीराच्या मानानं हे जास्त होतंय. तिनं कागदाकडं पाहिलं, "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून दोन भाकऱ्या कमी केल्या. वाद घातला नाही. मास्तर म्हणून मला ते समजूतदारपणाचं लक्षण वाटलं.

दहाव्या दिवशी सकाळी धार काढून उठताना ती गोठ्यातच कोसळली. बादली लवंडली, दूध सगळं शेणात गेलं. मी आणि माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जीप करून तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तिचा हात माझ्या हातात होता आणि तो इतका हलका लागत होता, की मला आकडे आठवेनासे झाले.

सलाईन लावून डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. मी खिशातला कागद काढला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, की हा आकडा तर झोपून राहणाऱ्या माणसाचा आहे, यात बाईंचं काम कुठं मिळवलंय?

मी मिळवलंच नव्हतं. माझा खडूसुद्धा हिशेबात होता. तिच्या नावापुढं मात्र मी 'घरीच असते' एवढं लिहून रेघ मारली होती. चार म्हशी, वैरण, हापशावरचं पाणी, कांद्याची खुरपणी, सहा माणसांचा स्वयंपाक, यातलं काही मला काम म्हणून आठवलंच नव्हतं.

आबा आयुष्यात मला कधी फारसं बोलले नाहीत. तेव्हा बाकावरून एवढंच म्हणाले, "आरं, ती आडवी कवा असती?"

डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली. तिला घरी आणल्यावर मी उशाशी बसून म्हणालो, "सुमन, माझं चुकलं. तू तरी बोलायचं होतंस."

ती म्हणाली, "तुम्ही गणिताचे मास्तर. मला वाटलं, बरोबरच असंल."

हे मला त्या कोसळण्याहून जास्त लागलं.

शाळेला रजा टाकून मी आठवडाभर म्हशी सांभाळल्या. पहिल्या दिवशी म्हशीनं मला दोनदा पाडलं. दुसऱ्या दिवशी वैरणीचा भारा डोक्यावर घेतला आणि भाऱ्यासकट खाली बसलो. सुमन खाटेवरून बघत होती. हसू आवरायला तिनं पदर तोंडाशी धरला होता, आणि घरात कुणी हसतंय याचंच मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईनं ताट वाढलं. माझ्या किती भाकऱ्या झाल्या, असं सुमननं मुद्दाम विचारलं. वीस वर्षं पाढे शिकवणारा मी, चारच्या पुढं किती खाल्ल्या, ते मला सांगता येईना.