दोरीने काढलेला अणू

तीस वर्षं मी दोरीला खडू बांधून फळ्यावर अणू काढला. मधे केंद्रक, भोवती गोल कक्षा. काल अकरावीतली नात म्हणाली, "आजी, अशा कक्षा नसतातच. इलेक्ट्रॉन नेमका कुठे ते सांगता येत नाही, नुसता ढग असतो."

आधी अणू भरीव गोळा होता, मग त्यात पोकळी सापडली, मग ही वर्तुळं आली. आता तीही गेली. मग मी मुलांना खोटं शिकवलं का?

"काढून दाखव," मी म्हटलं. तिने पेन्सिलीने ठिपके मारले, मधे दाट, कडेला विरळ.

तास संपल्यावर वर्तुळं पुसली की फळ्यावर असाच पांढुरका डाग उरायचा. तो बघायला तेव्हा वर्गात कोणीच नसायचं.