त्यांचं पाणी चालतं का?

"पहिले सांगा मास्तर, त्यासनं पानी चालस का?"

कुठल्याही माणसाची, गावाची, सोयरिकीची गोष्ट निघाली की नानांचा हा पहिला प्रश्न. प्रश्न विचारताना ते उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत. उत्तर मनासारखं आलं की सोडत, नाही आलं की आवळत. तुमच्याही गावात असा एखादा म्हातारा असेल, जो सगळं जग आपल्या आळीच्या मापानं मोजतो. मी पारोळा-धुळे रस्त्यावरच्या एका गावात सब-पोस्टमास्तर होतो आणि नाना माझे शेजारी. भावकीतले सगळ्यात थोरले, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा.

या शब्दाची धग मला पहिल्याच आठवड्यात कळली. नानांचं घर आणि त्यांच्या चुलतभावाचं, म्हणजे आबांचं घर एकाच अंगणात. मधोमध मातीची भिंत. आबांच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं होतं. पंच बसले, नानांनी निकाल दिला, आबांचं घर वाळीत पडलं. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्यांना लग्नाचं आवतण नाही, मयताला खांदा नाही. भिंतीपलीकडून अक्का, म्हणजे आबांची बायको, दळताना ओव्या म्हणायची. नाना अलीकडे बसून ऐकत, पण ऐकत नसल्यासारखं तोंड करून. मला हसू यायचं आणि रागही यायचा. बोललो मात्र कधी नाही. सरकारी नोकर, परगावचा माणूस, कशाला नसती आफत?

नाना विधुर. एकुलता एक सुरेश जहाजावर स्वयंपाकी होता. सोव्हिएत देश फुटला त्या हिवाळ्यात त्याचं पत्र आलं. जहाज सायप्रस नावाच्या बेटावर, उत्तरेच्या बंदरात अडकलं होतं. मालक हात वर करून मोकळा. बेटाच्या मधोमध तारेचं कुंपण, कुंपणावर शिपाई, उत्तरेला तुर्क वंशाच्या लोकांची वस्ती. आपली वकिलात दक्षिणेकडे, आणि उत्तरेचा भाग हा देश आहे असं एकटं तुर्कस्तान सोडलं तर कुणी मानत नव्हतं. आपलं सरकारही नाही. मग तिथं अडकलेल्यांनी दाद कुणाकडे मागायची?

मी हे समजावून सांगितलं. नाना उपरणं आवळत बसले.

"म्हंजे वाळीत टाकेल शे."

"तसंच म्हणा."

"मंग मना पोऱ्या कोना हातनं पानी पेस?"

मी पत्राची घडी करून त्यांच्या हातात दिली.

सुरेशला पाठवलेलं आमचं पहिलं पत्र परत आलं. धुळ्याला मोठ्या कचेरीत विचारलं तेव्हा कळलं, की त्या भागाला जगाच्या टपालात स्वतःचा पत्ताच नाही. पाकिटावर तुर्कस्तानातल्या एका गावाचं नाव घालावं लागतं. नाना म्हणाले, "घर त्यासनं, दार दुसरासनं." आणि त्या दिवसापासून हा माणूस भिऊ लागला.

भीती म्हणजे कशी? टपाल कचेरीत तारेचं यंत्र कडकडलं की ते उपरण्यानं कान झाकून घेत. खिडकीशी येत, पण पत्र आलं का असं विचारत नसत. कापसाचा भाव विचारत, पाऊसपाणी विचारत आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत. पोस्टमन गल्लीत शिरला की घरात जाऊन दार लावून घेत. जेवण तुटलं. भारदस्त माणूस, पण सदरा अंगावर लोंबायला लागला.

मग रेडिओवर एक आशा आली. सोव्हिएतातून फुटलेल्या चार-पाच देशांची बोली तुर्कांच्या बोलीशी नात्याची. सगळे जमतात, एकमेकांना भाऊ म्हणतात, असं बातम्यांत येऊ लागलं. नाना हरखले. एवढे भाऊबंद! ते उठून त्या बेटाच्या घरचं पाणी पितील, मग बाकीचं जगही पिईल, वकिलात होईल, सुरेश सुटेल. असा त्यांचा सरळ हिशोब. पण बैठका झाल्या, गळाभेटी झाल्या, आणि बेटाला देश म्हणून मान्यता कुणीच दिली नाही.

"भाऊ भाऊ म्हणतस, पन एक बी उठीसन पानी पेत नही!"

"त्यांनाही जगाची भीती असेल, नाना."

"त्यासले आपुन लिखूत."

मी हसलो नाही. त्यांच्या ओसरीवर कागद घेऊन बसलो. परदेशच्या राष्ट्रप्रमुखांना आमच्या गल्लीतून विनंतीअर्ज! नाना सांगू लागले, "लिखा. तुमी एक रगतना भाऊ शेतस. कोनी डोया वटारी म्हणीसन भाऊले वाळीत..."

तिथंच थांबले. भिंतीपलीकडे जातं फिरत होतं. नानांनी हातानंच मला थांबवलं.

"मास्तर, माले भ्या वाटस. मी जे टाकं, ते मना पोऱ्यावर पडनं का?"

कागद तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळी आळी दारात असताना, नाना भिंतीला वळसा घालून आबांच्या उंबऱ्याशी उभे राहिले.  मी माझ्या दारातून पाहत होतो.

आबा म्हणाले, "नाना, घर चुकना का?"

"चुकनू ते तवय, पंच बसनात तवय. अक्का, पानी दे."

अक्कानं तांब्या आणला. नाना घटाघट प्यायले, थोडं सदऱ्यावर सांडलं. आळीतली दारं एकेक करून लागली. 

व्हायचं तेच झालं. नानांचंच घर वाळीत पडलं. त्यांच्या पाया पडणारे पुतणे रस्ता बदलून जाऊ लागले. नाना त्याला भ्याले नाहीत, पण सुरेशची भीती काही सुटली नाही. आपण पाणी पिऊनही पोरगा सुटत नाही, म्हणजे फार उशीर झाला, असं ते म्हणत. उन्हाळ्यात एका दुपारी ओसरीवर बसल्या बसल्याच गेले. उपरण्याचं टोक बोटाला आवळलेलं होतं.

भाऊबंद लांब उभे राहिले. खांदा दिला आबांनी, त्यांच्या मुलानं, मी, आणि ज्याच्यामुळे हे सारं घडलं त्या परजातीच्या जावयानं. मी सुरेशला पत्र टाकलं, तुर्कस्तानच्या पत्त्यावर.

ते त्याला मिळालंच नाही. जहाज विकलं गेलं होतं, खलाशांना तुर्कस्तानात सोडलं होतं आणि तिथल्या आपल्या वकिलातीनं त्यांना घरी धाडलं होतं. एका दुपारी खांद्यावर पिशवी घेऊन सुरेश गल्लीत शिरला. वाळलेला, पण धडधाकट. घराला कुलूप बघून थबकला. मी पायऱ्या उतरून त्याच्या खांद्यावरची पिशवी घेतली.

अक्का तांब्या घेऊन भिंतीला वळसा घालून आली. सुरेशनं हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. कुलपाकडे पाहिलं, गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. लहानपणी धाक घातलेल्या पोरासारखा तो हळूच म्हणाला,

"अक्का, नाना रागावतीन ना?"

अक्कानं तांब्या पुढेच धरला.

"पे बेटा," ती म्हणाली, "पहिले पानी पे."