दत्तू खेळलाच पाहिजे

संयुक्त महाराष्ट्रासाठी आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीतले बरेच जण तुरुंगात जाऊन आले. मी फुटबॉलसाठी गेलो.

माझा धाकटा भाऊ दत्तू परळच्या एका मिलच्या फुटबॉल क्लबात होता. क्लबात म्हणजे क्लबाच्या बाकावर. पहिल्या टीममध्ये जो खेळेल त्याला मिल नोकरीत कायम करायची. तोवर दत्तू बदली कामगार. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी आला नसेल तर त्याच्या जागी काम, सगळे आले असतील तर घरी परत.

आणि क्लब काय करत होता? कलकत्त्याहून आणि हैदराबादेहून तयार खेळाडू आणत होता. डाव्या बगलेला खेळणाऱ्याचे तर मागचे केस पांढरे झाले होते. (पुढच्यांबद्दल सांगता येत नाही, पुढे केसच नव्हते.) तो आल्या दिवशी कायम झाला, आणि आमचा विशीतला पोरगा बसून त्याच्या पाण्याची बाटली सांभाळत होता. संताप येणार नाही तर काय?

मी रोज संध्याकाळी चाळीच्या जिन्यात उभा राहून हा संताप व्यक्त करी. आमचे शेजारी कांबळे मला साथ देत. ते त्याच मिलमध्ये होते आणि क्लबाची एकही मॅच चुकवत नसत.

"आपल्या पोरांना खेळवायचंच नाही, मग ती शिकणार कधी?" कांबळे म्हणत.

"बाकावर बसून फक्त बसायला शिकतात," मी म्हणे.

विरोधी पक्ष आमच्या घरातच होता. आमचे वडील, नाना, तरुणपणी मालवणात गोलकीपर होते. ते खोलीतूनच सुनावायचे, "तुका फुटबॉलातला काय कळता रे? पोर तयार होवक वेळ लागता. आज खेळवलास तर उद्या पाय मोडून घरात बसतलो."

मी म्हटलं, "नाना, तुमच्यासारख्यांमुळेच क्लब बुडतोय." त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. आमटी हवी असली तरी आम्ही आईमार्फत मागायचो.

शेवटी मी ठरवलं की नुसतं बोलून उपयोग नाही. त्या दिवसांत मोर्चा काढणं आमच्या अंगवळणीच पडलं होतं. घोषणासुद्धा तयार होती, फक्त आतले शब्द बदलायचे होते. रविवारी मॅचच्या आधी क्लबाच्या सेक्रेटरीच्या दारावर जायचं ठरलं. मी पुढे, कांबळे फलक घेऊन मागे, त्यांच्या मागे आमचा अख्खा मजला.

"दत्तू खेळलाच पाहिजे!"

जमावबंदी लागू आहे हे एवढ्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. परळच्या नाक्यावर पोलिसांची गाडी आडवी आली. हवालदाराने फलक वाचला आणि मला विचारलं, "हा दत्तू कोण? नवा पुढारी?"

"नाही हो, लेफ्ट आऊट आहे."

"आऊट म्हणजे? फरार आहे?"

"फरार कसला, बाकावर बसलाय."

"कुठल्या बाकावर? पत्ता सांग."

मी त्याला लेफ्ट आऊट म्हणजे काय, मैदानाची डावी बाजू कुठली, हे हातवारे करून समजावू लागलो. हात त्याच्या टोपीला लागला. टोपी पडली. मग आम्ही सगळेच गाडीत.

दुपारभर चौकीच्या कोठडीत बसलो होतो. मॅच सुरू झाली असेल, दत्तू पुन्हा बाटली धरून बसला असेल, या विचाराने माझा जीव जळत होता. संध्याकाळी नाना आले. हातात आईने दिलेली भाकरी होती आणि चेहरा असा फुललेला, की मला वाटलं हे मला आत बघून खूश झालेत.

माझ्याशी बोलणं बंद असल्यामुळे त्यांनी सगळी हकिकत हवालदाराला सांगितली. दत्तू सुरुवातीपासून खेळला. दोन गोल केले. दुसरा तर डाव्या पायाने, कोपऱ्यातून. सेक्रेटरीने मैदानातच त्याला सांगितलं की सोमवारी कायम कामावर ये.

"अरे वा," हवालदार खुर्ची पुढे ओढून म्हणाला. "दुसरा गोल परत सांगा."

नानांनी परत सांगितला. मी गजांना कान लावून ऐकला. दत्तूसाठी घसा फोडणारा अख्खा मजला आत होता, आणि पोरगा अजून कच्चा आहे म्हणणारा एकटा म्हातारा गोल बघून आला होता. असा अन्याय कुठे असतो का?

हवालदाराने ताकीद देऊन आम्हाला सोडलं. बाहेर दत्तू उभा होता, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला. मी त्याला मिठी मारली आणि मग माझा राग उफाळून आला.

"गाढवा, आज खेळणार होतास ते आधी कळलं असतं, तर आम्ही मोर्चा कशाला काढला असता?"

"मला गुरुवारीच कळलं होतं, दादा. नानांना लगेच सांगितलं."

"आणि मला?"

"तुला सांगायला जिन्यात आलो होतो ना. तीन वेळा. पण तुझं भाषण चालू होतं."

"कसलं भाषण?"

दत्तू कांबळ्यांकडे बघू लागला. शेवटी हळूच म्हणाला, "हेच, की आजकाल तरुण पोरांचं कोणी ऐकूनच घेत नाही."