खानाच्या मागची मेंढरं

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरात गळ्यात लिंग आणि तोंडात बसवण्णांची वचनं. अंगात येणं, करणी, झपाटणं असा विषय कुणी काढला की आमचे अप्पा चहाची बशी खाली ठेवून त्याला झापायचे. मीही त्यातलाच. या सदरातले अनुभव मी वाचतो ते चुका काढायला... आणि आज स्वतःच लिहायला बसलोय. हसा खुशाल.

माझं बसवकल्याणात बी-बियाणांचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मुंबईची एक फिल्म कंपनी आमच्याकडे उतरली — कुठल्या तरी मंगोल खानावरचा भव्य ऐतिहासिक सिनेमा. बीदर रस्त्याला लाल मुरमाचा एक लांबलचक माळ आहे, तिथे त्यांना म्हणे मंगोलिया दिसला! आम्हाला जन्मभर तिथे फक्त कुसळं दिसली. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात म्हणून मला त्यांनी ‘लोकल कोऑर्डिनेटर’ केलं. म्हणजे तंबूच्या दोऱ्यांपासून घोड्यांच्या चाऱ्यापर्यंत काहीही कमी पडलं की माझ्या नावाने बोंब.

खानाच्या छावणीसाठी मेंढरं हवी होती. माळाला लागूनच सिद्दम्मा अक्कांचं घर आहे, धनगरांचं. त्यांचा कळप मी ठरवून दिला. अक्कांचे मालक, मल्लप्पा, त्याआधीच्या उन्हाळ्यात वारले होते. त्यांच्यात रीत अशी, की कारभारी पुढे चालतो, मेंढरं त्याच्या मागे, आणि बाई सगळ्यांत शेवटी, मागे राहिलेली कोकरं हाकत. मल्लप्पा गेले आणि पुढची जागा रिकामी झाली. मुलगा निंगप्पा हैदराबादला गाडी चालवतो. त्याने रजा काढून पुढे चालून बघितलं, पण कळप जागचा हलेना, आणि हललाच तर चार दिशांना पांगायचा. अक्का मागून ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या. शेवटी निंगप्पाने कळप विकायचं ठरवलं. शूटिंग आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी येणार होता.

“जल्म गेला की अण्णा ह्या मेंढरांच्या मागं मागं,” अक्का मला म्हणाल्या. “आता रिकामं आंगण बगत बसू काय मी?”

मला फार वाईट वाटलं. पण मी तरी काय करणार होतो?

आता घोंगडीचं सांगतो. डायरेक्टरला खानाच्या अंगावर काहीतरी जाडंभरडं, लोकरीचं हवं होतं. मी अक्कांच्या घरी गेलो. अक्का मेंढरांकडे होत्या, सून रेणुका घरी. तिने पेटीतली काळी घोंगडी काढून दिली. ड्रेसवाल्यांनी ती साबणाच्या पाण्यात भिजवली, चहाच्या पाण्यात उकळली, तारेच्या ब्रशने घासून म्हातारी केली... आणि खानाच्या खांद्यावर टाकली.

खानाचं काम करणारा नट सिक्कीमकडचा. मराठी-कन्नडचा गंध नाही, वर मेंढ्यांना चक्क घाबरायचा. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी भर दुपारचा शॉट होता. लढाई हरलेला खान तंबूतून निघतो आणि माळावर एकटाच चालत जातो, एवढंच. डायरेक्टर ‘ॲक्शन’ म्हणाला, खान निघाला... आणि बाजूला बसलेला अख्खा कळप उठून त्याच्या मागे चालू लागला. शांतपणे. एक मेंढरू ओरडलं नाही.

“कट! अरे, ये बकरियाँ किसने छोड़ी?”

कळप मागे आणला, पुन्हा शॉट लावला. पुन्हा तेच. युनिट पोट धरून हसत होतं. खान बिचारा कसनुसा होऊन मागे बघत होता. फक्त अक्का हसत नव्हत्या. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोग सुरू केले. खानाला घोंगडीशिवाय चालवलं — कळप ढिम्म. लाइटमनच्या अंगावर घोंगडी टाकली — कळप त्याच्या मागे. मग मी स्वतः पांघरली. खरं सांगतो, मागे वळून बघायचा धीर होईना. मुरमावर नुसता खुरांचा आवाज. मी थांबलो की तोही थांबायचा. अंगावर सरसरून काटा आला. कुणाला कळू नये म्हणून मी मोठ्याने हसलो.

तेवढ्यात रेणुका रडायलाच लागली. “मामाचीच घोंगडी दिले की ओ मी! पेटीत होती, ध्यानातच आलं न्हाई!”

मामा म्हणजे तिचे सासरे, मल्लप्पा. गेलेल्या माणसाची घोंगडी त्यांच्यात दुसऱ्याच्या अंगावर घालत नाहीत. ती पोर भेदरली होती, आणि मला मात्र हुश्श झालं. वास! दुसरं काय? बीदरला माझा एक मित्र जनावरांचा डॉक्टर आहे, त्याला लगेच फोन लावला. “मेंढरं वासावरनं माणूस ओळखतात,” तो म्हणाला. साबण आणि चहाचं सांगितलं, तर म्हणे लोकरीत वास मुरतो. विषय संपला. संध्याकाळच्या चहाला मी हे सगळ्या युनिटला अगदी प्रोफेसरसारखं समजावून सांगितलं.

त्यानंतर मी घोंगडी घेऊन अक्कांकडे गेलो. कळप वाचवायचा रस्ताच सापडला होता मला! “अक्का, मालकांची घोंगडी तुम्ही पांघरा आणि पुढं चाला. मेंढरं येतील बघा.”

अक्कांनी घोंगडी उलगडली. काठावरून बोट फिरवलं.

“ही त्येंची न्हाई, अण्णा.”

“पण रेणुका तर म्हणाली—”

“तिला काय ठावं? ती तवा बाळतपणाला म्हायेरी होती. त्येंची म्या त्येंच्याखाली मातीत हातरले, ह्या हातानं. ही निंग्याच्या लग्नात आलेली. पेटीतनं भाईर निगालीच न्हाई कवा.”

तिथूनच डॉक्टरला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, “मग मला नाही माहीत बाबा.”

अक्का मात्र घोंगडीकडेच बघत होत्या. “बाईमाणसानं फुडं चालायची रीत न्हाई आमच्यात,” त्या हळूच म्हणाल्या.

“आणि उद्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला तर?” मी विचारलं. त्या घोंगडी घेऊन आत गेल्या.

सकाळी मी मुद्दाम गेलो. व्यापारी टेम्पोचा फाळका उघडून उभा होता, निंगप्पा मेंढरं उठवत होता. अक्का घरातून बाहेर आल्या, खांद्यावर ती घोंगडी. टेम्पोसमोरून सरळ माळाच्या दिशेने चालू लागल्या. कळप उठला. निंगप्पाच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत त्यांच्या मागे गेला.

“काय रं, इकायचंय का न्हाई?” व्यापारी करवादला.

निंगप्पा आईच्या पाठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “न्हाई. जावा तुम्ही.” माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, लाज कशाला वाटून घेऊ?

हे सगळं होऊन आता बरेच महिने झाले. परवा त्याच रस्त्याने बीदरला जाताना अक्का दिसल्या. उन्हाचा नुसता वणवा. अक्का पुढे, कळप मागे. खांद्यावर घोंगडी नव्हती. मी गाडी थांबवली.

“अक्का, घोंगडी कुठाय?”

“घरात. किती उकडायलंय बगा की!”

“मग मेंढरं कामून यायलेत मागं?”

अक्का माझ्याकडे बघून हसल्या, खुळ्याकडे बघावं तशा. “म्या फुडं चालायले म्हणून.”

उत्तर मला पटलं. पण मग सिक्कीमचा खान, लाइटमन आणि मी... आमच्या मागे ती कशाला आली होती? गिऱ्हाईक नसलं की दुकानात बसून मी याचाच विचार करतो. अजून काही सापडलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा, फक्त वासाचं सांगू नका.