खंडवाल्या बाई

आमच्या ट्यूटर बाईंनी अभ्यासक्रमाचं पुस्तक भर वर्गात सर्जिकल ब्लेडनं कापलं. त्याचे सुटे भाग केले, एकेक भाग बँडेजच्या पट्टीनं बांधला आणि म्हणाल्या, "हा एक खंड. यात पास झाली की झाली. परत कुणी विचारायचं नाय." तेव्हापासून गारखेड्यातल्या आमच्या नर्सिंग कॉलेजात त्या खंडवाल्या बाई झाल्या.

आमच्या दरवर्षीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर 'शिक्षणात खंड' असा रकाना होता. लग्न, बाळंतपण, सासूचं आजारपण, काहीही तिथं लिहिलं की ते वर्ष पहिल्यापासून करायचं. बाईंचं म्हणणं साधं होतं. अभ्यासक्रमच सुट्या खंडांचा करा, म्हणजे जिथं सोडलं तिथून पोरगी पुढं शिकेल. "खंड पडला म्हणतात ना? मग मी खंडच मांडते," असं त्या ठसक्यात सांगायच्या.

या बदलाचा त्यांचा मसुदा दरवर्षी कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीकडे जायचा आणि परत यायचा. बाई तारीख बदलून तोच पुन्हा पाठवायच्या. आम्ही मुली त्याला हसायचो.

दुसऱ्या वर्षाला मी बाळंत झाले. तीन महिन्यांनी परतले, तर प्राचार्यांनी वर्ष पुन्हा करायला सांगितलं. घरचे आणखी एक वर्ष पाठवणार नव्हते, म्हणजे शिक्षण संपल्यातच जमा होतं. बाई मला घेऊन थेट समितीच्या बैठकीत शिरल्या. "बाळंतिणीची शुश्रूषा शिकवतो आपण. अन् आपलीच पोरगी बाळंत झाली की तिला बाहेर काढतो, व्हय?"

समितीनं पत्र दिलं. 'विशेष बाब म्हणून' मी फक्त राहिलेला भाग करावा. बाईंनी ते तीन शब्द पेनानं खोडले. "बाळंत होणं यात विशेष काय? नियम करा." समितीनं नियम करायला साफ नकार दिला आणि तेच पत्र नव्यानं टाईप करून दिलं.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी ते माझ्यापुढं धरलं. "घेतलंस तर तुझं काम होतंय. पुढचीला पुन्हा हात जोडावे लागतील. तूच ठरव."

मी घेतलं. बाई रागावल्या नाहीत. राहिलेले खंड त्यांनीच रविवारी घरी बोलावून शिकवले. मला मात्र त्या पत्राची आजही लाज वाटते.

बाई मागच्या वर्षी गेल्या. मसुदा शेवटपर्यंत मंजूर झाला नाही. आता मी त्याच कॉलेजात शिकवते आणि तो मीच मांडते. परवा तो पुन्हा नामंजूर करताना अध्यक्ष समजुतीनं म्हणाले, "मॅडम, तुमचं काम तर तेव्हाच झालं होतं ना?"

"माझं एकटीचं झालं होतं," मी म्हणाले, आणि पुढच्या बैठकीची तारीख विचारली.