तात्पुरत्या पत्त्याचा क्लब

कोल्हापूरहून मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्स पाचला सुटणार होती आणि आबा साडेचारपर्यंत ग्राउंडवरच होते. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल टीम असतात; आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या तालमीच्या टीमचे सेक्रेटरी. दुसऱ्या दिवशी मॅच, त्यामुळे मुलगा अमेरिकेला निघाला म्हणून प्रॅक्टिस चुकवणं त्यांना जमणारं नव्हतं. आई रडून रडून गप्प झाली होती. आबा आले ते धापा टाकत, पायाला लाल माती. मी त्या टीमचा गोलकीपर, आणि मॅचच्या आदल्या दिवशी निघालेला. वाटलं, आता ऐकवतील चार शब्द. त्यांनी माझी बॅग डिकीत नीट बसली का ते पाहिलं आणि म्हणाले, "यादीतनं नाव काढत न्हाई. दोन वर्षांचा तर प्रश्न हाय. एक नंबरचा शर्ट ठेवतो तुझा."

दोन वर्षांचं एम.एस. झालं, मग पीएच.डी., मग नोकरी, मग ग्रीन कार्डची रांग. जे माझ्यासारखे इकडे आले त्यांना हा क्रम सांगायला नको, आणि जे तिकडे राहिले त्यांना तो कितीदा सांगितला तरी पटत नाही. दर सिझनच्या तोंडावर, तालमीतल्या मारुतीपुढे नवे शर्ट ठेवायच्या आदल्या दिवशी, आबांचा फोन यायचा. "यंदा नाव ठेवू न्हवं?" मी म्हणायचो, "ठेवा." बावीस वर्षं हे चाललं. गुडघे गेले, केस गेले, मिशिगनमधल्या ॲन आर्बरमध्ये घर घेतलं, मुलगी आठवीत गेली, तरी आपलं "ठेवा". खोटं बोलतोय हे मला कळत होतं. पण तो शर्ट म्हणजे म्हाताऱ्याचा आधार, तो कसा काढून घ्यायचा, असं मी स्वतःला समजावत होतो.

आमच्या शेजारी आर्विड्स नावाचे लॅटव्हियन गृहस्थ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, बायको गेलेली, मुलं दूर. मी त्यांना आर्विडकाका म्हणतो. काका म्हणजे काय ते समजून घेतल्यापासून ते माझ्याकडून त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ हक्काने काढून घेतात. या हिवाळ्यात त्यांनी मला आणखी एक काम लावलं. त्यांचा जुना फुटबॉल क्लब आता उरलेला नाही, त्याचा इतिहास टाइप करायचा होता. त्यांचे हात थरथरतात. ते वडिलांच्या वहीतलं लॅटव्हियन वाचून इंग्रजीत सांगणार आणि मी लॅपटॉपवर बडवणार. दर शनिवारी सकाळी त्यांच्या किचनमध्ये काळा ब्रेड, शहाजिरं घातलेलं चीज आणि वही.

क्लब बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियातल्या एका बंदरातला. गोदीवर काम करणाऱ्यांनी काढलेला. मैदान समुद्राला इतकं लागून की हाय बॉल मारला तर वारा तो कुठे नेईल याचा नेम नसे. मग युद्ध आलं. रशियन सैन्याने काही खेळाडू उचलले, जर्मन सैन्याने उरलेले, आणि एकाच टीमचे दोन भाऊ समोरासमोरच्या खंदकांत जाऊन पोचले. हे सांगताना काकांनी वही मिटली. त्या शनिवारी आम्ही पुढे काही लिहिलं नाही.

देश रशियाच्या ताब्यात गेला, आणि जे वाचले ते जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत भेटले. तिथे त्यांनी ब्लँकेटं कापून शर्ट शिवले आणि क्लब पुन्हा उभा केला. काका त्या छावणीतच जन्मले. पुढे बोटीने सगळे अमेरिकेत आले, मिशिगनमध्ये स्थिरावले, आणि क्लबही आला. क्लबचं छापील लेटरहेड काकांनी मला दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत त्या बंदराचं नाव. खाली बारीक अक्षरांत "तात्पुरता पत्ता", आणि मिशिगनमधला रस्ता. तो तात्पुरता पत्ता चाळीस वर्षं तसाच छापला जात होता.

त्यांच्याच वस्तीजवळच्या एका शेतकऱ्याने एकदा मैदानासाठी जमीन देऊ केली होती, अगदी स्वस्तात. मीटिंग झाली. काकांच्या वडिलांनीच उठून विरोध केला. "पुढच्या वर्षी घरी जायचंय. इथे मैदान घेऊन काय करायचं?" सगळ्यांनी त्यांच्या बाजूने हात वर केले. म्हणून मग दरवर्षी शाळेचं मैदान भाड्याने. आपलं मैदान नाही म्हटल्यावर पोरंही तिकडे फिरकेनात. एका रविवारी सातच जण आले, तासभर थांबले आणि आपापल्या गाड्यांत बसून गेले. त्यानंतर कोणीच बोलावलं नाही. क्लब बंद पडला, पण तो बंद झाला असं वहीत कोणीच लिहिलं नाही.

"लॅटव्हिया रशियाच्या ताब्यातून स्वतंत्र झाला तेव्हा वडील होते?" मी विचारलं.

"होते. मी तिकिटाचं विचारलं. म्हणाले, आता कशाला? तिथे मला ओळखणारं कोण आहे?" काकांनी चीजचा तुकडा माझ्याकडे सरकवला. "मीच जाऊन आलो. मैदानावर बिल्डिंगा आहेत. लोकांना क्लबचं नावही माहीत नाही. आम्ही इथे परत जायची वाट बघत होतो, आणि तिथे आमची वाट कोणीच बघत नव्हतं."

शेवटचं पान तीन आठवडे अडलं होतं. क्लबच्या शेवटच्या पत्त्याआधी 'तात्पुरता' लिहायचंच, यावर काका हटून बसले होते. एका शनिवारी माझी मुलगी रेवा मला बोलवायला आली, आमचं बोलणं तिने ऐकलं आणि म्हणाली, "इट्स जस्ट ॲन ॲड्रेस, बाबा." मी तिला गप्प करणार होतो. पण काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि मला म्हणाले, "'तात्पुरता' काढ." मी तो शब्द खोडला. त्याखाली त्यांनी सांगितलेली एक ओळ लिहिली, क्लब विसर्जित करण्यात आला आहे. काकांनी प्रिंटवर सही केली. सहीला खूप वेळ लागला. मग ते रडले, मोठ्याने, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. मला त्यांच्या वडिलांचा भयंकर राग आला होता. घरी चालत येताना लक्षात आलं की मीही दरवर्षी 'ठेवा' म्हणत तसाच हात वर करत आलोय.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मीच आबांना फोन केला. सिझन जवळ आला होता. ते विचारायच्या आत बोलून टाकलं. "आबा, यंदा नाव काढा माझं. मी आता परत येत नाही. खेळायला नाही आणि राहायलाही नाही."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"काढलंय की," आबा म्हणाले. "मागंच. तू गेलास त्याच्या पुढच्याच सिझनला. गोल मोकळा सोडून मॅच खेळायची व्हय?"

मी विचारलं, "मग दरवर्षी विचारत होता ते?"

"तू 'ठेवा' म्हणायचास न्हवं. म्हटलं, पोरगं एकटं हाय तिकडं. तेवढाच आधार."

राग आला, खोटं कशाला सांगू. बावीस वर्षं मी ज्या जागेचं ओझं वाहत होतो, तिथे कोण कोण उभं राहून गेलं, आणि मला पत्ता नाही. मग हळूहळू हायसं वाटलं. काकांचं मैदान गेलं, आमचं जागेवर आहे. माझ्यावाचून तिथे काही अडलं नाही, हे ऐकून इतकं बरं वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"विजू," आबा म्हणाले, "आता येशील तवा मॅच बघायला ये. माझ्याजवळ जागा धरतो."

फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. रेवाही येतेय. स्टेडियमच्या पायरीवर आबांशेजारी बसायचं, आणि एक नंबरच्या शर्टातल्या त्या पोराने सोपा गोल खाल्ला, की आबांच्या सुरात सूर मिसळून त्याला शिव्या घालायच्या.